न मोजलेल्याची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे, आणि मला जीभ नाही. आत लोंबणारा लोखंडी लोलक, ज्याला घंटेची जीभ म्हणतात, तो पन्नास वर्षांपूर्वीच माझ्यातून काढून घेतला. तरी मी वाजते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, मित्रांनो, म्हणजे नंतर मधेच दचकायला नको.

माझा जन्म एका ओतारी म्हाताऱ्याच्या भट्टीत झाला. ओतारी म्हणजे पितळ वितळवून साच्यात ओतणारा कारागीर. त्यानं मला साच्यातून काढलं, बोटाच्या पेरानं एकदाच टकटक केलं आणि डोळे मिटून ऐकत बसला. मग म्हणाला, "हिचा आवाज लय लांब जाईल. देताना माणूस बघून द्याय पायजे." म्हसवडच्या जत्रेत त्यानं मला बिराप्पा गोरड नावाच्या धनगराच्या हातात दिलं. माणूस बघूनच दिलं असणार. बिराप्पानं मला भंडारा लावला आणि सर्ज्याच्या गळ्यात बांधलं.

सर्ज्या म्हणजे कळपाचा पुढारी मेंढा. काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका, एक शिंग जरा वाकडं. भारी तोऱ्याचा! तो निघाला की मी वाजायची, मी वाजले की दीडशे मेंढरं खाली मान घालून मागं यायची. खरं सांगते, तेव्हा मलाही थोडा तोरा होता. चालतो सर्ज्या, पण कळप हलतो माझ्यामुळं, असं मला वाटायचं.

आता आमच्याकडची मोजायची रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. दिवस मावळताना मेंढरं वाघरीत घालायची. वाघर म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण. तिच्या तोंडाशी बिराप्पा उभा राहायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात ठेवायचा. आकडा तोंडानं मोठ्यानं म्हणायचा नाही, म्हटला तर दृष्ट लागते. हातच मोजायचा. पलीकडं त्याची बायको रंगुबाई जाळीचं टोक धरून उभी असायची. सगळी आत गेली की त्यांचा सात वर्षांचा मल्हार ओरडून विचारायचा, "आये, किती झाली?"

रंगुबाई नवऱ्याकडं बघायची. त्यानं मान हलवली की म्हणायची, "भरली."

भरली म्हणजे वाघर भरली, कुणी बाहेर नाही. मग चूल पेटायची. पण मित्रांनो, या मोजणीत सर्ज्याला कधीच धरत नसत. तो सगळ्यांच्या पुढं आत जायचा, गळ्यात मी वाजत असायची, मग त्याला वेगळं काय मोजायचं? पुढाऱ्याला मोजत नाहीत. बापाच्या बापापासून चालत आलेली सवय, आणि तिच्यात खोट आहे असं कुणाला वाटलंच नाही.

त्या वर्षी वाडा, म्हणजे धनगरांचा बिऱ्हाडासकटचा मुक्काम, शिरवळच्या अलीकडं पडला होता. दुपारी वावटळ उठली. धुळीत समोरचं दिसेना. रस्त्याच्या कामासाठी दगड फोडून फोडून तिथं एक खाण झाली होती. सर्ज्या सरळ तिच्यात गेला. मागची मेंढरं काठावर थबकली, ती एवढ्यासाठीच की माझा आवाज एकदम खाली गेला. धूळ अजून खाली बसली नव्हती, तशातच संध्याकाळी बिराप्पानं सगळी गोळा केली, पाठींवर हात ठेवून वाघरीत घातली. मोजणी बरोबर आली. "भरली," रंगुबाई म्हणाली.

मी खाणीत होते. सर्ज्याचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते. तो मान हलवायचा आणि मी वाजायची. जीव तोडून वाजले हो मी! वर माणसं भाकरी खात होती. माझा आवाज त्यांना ऐकू जात होता, पण घंटा वाजतेय म्हणजे सर्ज्या वाघरीत आहे, असं सगळ्यांनी धरलं होतं. एकट्या मल्हारचे कान टवकारले.

"बा, आपली घंटा लांबनं का ऐकू येतीया?"

"वारा हाय रं. जेव गप."

पहाटेच्या आधी सर्ज्याची मान हलायची थांबली आणि मीही थांबले. सकाळी बिराप्पा खाणीत उतरला. सर्ज्याजवळ बसला आणि त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मग पकडीनं माझा लोलक उपसला आणि सर्ज्याबरोबर तो मातीत पुरला. "ज्याची जीभ त्याच्यासंगं," तो म्हणाला. "आता ही वाजायची न्हाई."

तो चुकला. पुढच्याच वर्षी मी वाजले.

वाडा पलूसच्या बाजूला उसाच्या फडांत उतरला होता. मी पालाच्या खुंटीला टांगलेली, पोटात नुसती पोकळी. वाघर भरली, माणसं जेवायला बसली. रंगुबाईनं भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या, आणि सगळ्यांची पानं मांडून ती पाण्याला गेली होती. वाढणारी बाई स्वतःचं पान कधी मांडत नाही, त्यामुळं एक माणूस कमी आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तेवढ्यात माझी कड थरथरली. वारा नव्हता, कुणी हात लावला नव्हता. मला स्वतःलाच कळेना की हा आवाज कुठून येतोय. पण तो सर्ज्याच्या मानेचा ठेका होता. दोन लांब, एक तोकडा.

सगळे घास हातात धरून बसले. मल्हारनं उठून माझ्या पोटात बोटं घातली. आत काही नव्हतं. "बा," तो म्हणाला, "कोण तरी भायर राहिलंय."

यावेळी बिराप्पा 'वारा' म्हणाला नाही. कंदील घेऊन पळाला. रंगुबाई कालव्यात पडली होती, पायाचं हाड मोडलेलं, पाणी गळ्याशी आलेलं. तिला पाठीवर घालून वाघरीच्या आत आणलं आणि मी थांबले. तेव्हा मला माझं नवं काम कळलं. मोजणी पुरी झाली असं लोकांनी म्हटलं, आणि एखादा बाहेरच राहिला, जिता असला, तर मी वाजते. तो आत आला की थांबते. नाहीतर तो संपला की थांबते. गप्प होण्याची माझी रीत दोन्ही वेळा सारखीच आहे, आणि ही गोष्ट मला स्वतःलाही नकोशी वाटते.

मल्हार शिकला. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला तेव्हा रंगुबाईनं मला घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळून त्याच्या ट्रंकेत ठेवलं. पुढं तो 'सह्यज्योत' नावाच्या तेल कंपनीत लागला. आधी टाक्यांमधल्या तेलाची खोली मोजायचा, मग डेपो सांभाळायला लागला, मग परदेशात जाऊन तेलाचे करार करायला लागला. तीस वर्षांत कंपनीचा सर्वेसर्वा झाला, आणि मी त्याच्या भल्यामोठ्या टेबलावर कागद दाबायला बसले. परदेशी पाहुणे मला उचलून बघायचे, आत डोकवायचे, हसायचे. मल्हारही हसायचा. पण मला त्यानं कधी घरी ठेवलं नाही. जिथं जाईल तिथं बॅगेत मी असायचीच.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते. लाज माझी नाही, मल्हारची. पण इतकी वर्षं संगतीत काढल्यावर त्याची लाज माझीच झाली.

पलूसजवळ कंपनीचा तेलाचा डेपो होता. तिथं हजार दिवसांत एकही अपघात झाला नाही, म्हणून समारंभ ठरला. मांडव पडला, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी चढल्या, 'एक हजार दिवस' असा फलक झेंडूच्या माळा घालून टांगला. मांडवाच्या मागं एक रिकामी टाकी होती. तिच्यातला गाळ काढायचं काम साहेब टाक्या बघायला यायच्या आत उरकायची घाई सुरू होती. कामावरचा मुकादम लोणंदचा होता, पीरमहंमद त्याचं नाव. टाकीत विषारी वाफ असते, म्हणून आत गेलेला प्रत्येक जण बाहेर आल्याशिवाय झाकण लावत नाहीत. पीरमहंमदनं अकरा माणसं मोजून बाहेर काढली. मग राहिलेला दिवा आणायला स्वतः परत आत शिरला. डेपोच्या मॅनेजरनं विचारलं, "किती?" गडी म्हणाले, "अकरा." वहीत अकराच होते. मुकादम स्वतःचं नाव गड्यांच्या यादीत कशाला लिहील? झाकण लागलं.

मल्हार भाषणाला उभा होता. मी त्याच्या पायाशी बॅगेत. मी वाजले.

पहिल्या रांगेतल्या लोकांना वाटलं फोन वाजला. मल्हारचा चेहरा पांढरा पडला. त्याला माहीत होतं, मित्रांनो! त्या मांडवात त्या एकट्यालाच माहीत होतं की मी का वाजते. समोर आमदार, कॅमेरे, हजार दिवसांचा फलक. त्यानं वाकून बॅगेत हात घातला. मला वाटलं, आता मला वर काढेल. त्यानं माझ्यावर तळवा ठेवला आणि घट्ट दाबून धरला. दुसऱ्या हातात माइक होता. सुरक्षिततेवर तो आणखी नऊ मिनिटं बोलला. मी त्याच्या तळव्याखाली नऊ मिनिटं थरथरत होते. टाळ्या वाजल्या तेव्हा मी थांबले. त्यानं मला सोडलं, पण त्याचा हात बॅगेतून लवकर बाहेर येईना.

पीरमहंमद अर्ध्या तासानं सापडला.

मॅनेजरची बदली झाली, चौकशी झाली, कागद झाले. चौकशीत घंटेबद्दल कुणी विचारलं नाही. मल्हारनं दोन वर्षं रेटली. टेबलावरून त्यानं मला कपाटात टाकलं, कपाटातून खालच्या खणात. तिथं माझ्यावर हिरवा गंज चढला. मी वाजत नव्हते, पण त्याला मी ऐकू येत असे. बोलता बोलता मधेच थांबून तो खणाकडं बघायचा. लोक म्हणायचे, साहेब थकले. शेवटी एके दिवशी त्यानं राजीनामा लिहिला, मला खणातून काढलं आणि गाडी लोणंदला घ्यायला सांगितली.

पीरमहंमदची बायको शबाना दारात शिवणयंत्रावर बसली होती. मल्हारनं चप्पल बाहेर काढली आणि उंबऱ्याशी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. घंटा, तळवा, नऊ मिनिटं. काही राखलं नाही. मशीन थांबलं. तिनं उठून त्याला पाण्याचा तांब्या दिला, कारण दारात आलेल्याला पाणी देतात. पण त्याच्याकडं बघितलं नाही.

"आवं साहेब," ती म्हणाली, "माफी मागाय आला असशीला तर ती काय माझ्याजवळ न्हाई. ज्याच्याजवळ होती त्यो गेला. ती घंटी तेवढी माझ्याम्होरं ठिवू नका."

मल्हारनं मला उचललं. तो पायरी उतरला तेव्हा ती मागून बोलली. "माझा अश्फाक परदेशात तेलाच्या कामावर हाय. मुकादमच झालाय, बापावानी. तुमच्यासारखंच कोण तरी तिथंबी माणसं मोजत असंल. त्याला सांगा, नीट मोज म्हणावं."

अश्फाक ज्या देशात होता तो वाळवंटाचा देश. नाव सांगायला मला मनाई आहे. मधे मी सरकारी घंटा होते ना! तर मल्हारला दिल्लीहून दोनदा निरोप आला होता. परदेशात तेलाची बोलणी करण्यात उभा जन्म गेलेला माणूस, आता सरकारसाठी बोला, राजदूत व्हा. दोन्ही वेळा तो नाही म्हणाला होता. तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा त्यानं विचारलं, कुठला देश? नाव ऐकलं आणि लगेच हो म्हणाला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, तेलसम्राट आता मुत्सद्दी. रंगुबाई ऐंशी पार केलेली, बिराप्पाच्या माघारी माण तालुक्यातल्या वस्तीवर अजून चार मेंढरं राखून होती. ती म्हणाली, "राजदूत म्हंजी काय रं मल्हारा? निरोप्याच न्हवं? मग निरोप नीट पोचीव."

कंपनीत तो बोलला की दहा माणसं पळायची. इथं उलटं झालं. बंद गळ्याचा कोट घालून तो दुसऱ्यांच्या दारात बसायचा, पंधरा पंधरा दिवस नुसता चहा प्यायचा आणि ऐकायचा. मी पुन्हा टेबलावर आले. गंज त्यानं स्वतः चिंचेनं घासून काढला. मला वाटलं, म्हातारपण बरं जाणार.

वर्षभरात त्या देशात दोन गटांची लढाई पेटली. अश्फाकची टोळी ज्या तेल उपसा केंद्रावर होती ते एका गटानं घेतलं आणि माणसं अडकवून ठेवली. कंत्राटदार पळाला, कागद जळाले, आत किती जण आहेत याचा कुणाला पत्ता नाही. एकदाच, खरखरत्या वायरलेसवर, अश्फाकचा आवाज आला. मल्हारनं विचारलं, "किती आहात?"

"माझ्याकडं बारा माणसं हायत, साहेब."

आवाज तुटला. मल्हारनं कागदावर बारा लिहिलं. धनगराचं पोर ना ते! पुढाऱ्याला मोजत नाहीत हे ज्याच्या हाडात मुरलेलं, त्यानं दुसऱ्या मुकादमाचा आकडा ऐकला आणि तो पुरा आहे असं धरून चालला. मी तिथंच टेबलावर होते. पण मी आधी वाजत नाही. मोजणी मिटल्यावरच वाजते.

त्या गटाच्या प्रमुखाला मल्हार कंपनीच्या काळापासून ओळखत होता. म्हणूनच सरकारनं त्याला पाठवलं. सतरा दिवस बोलणी झाली. शेवटी प्रमुखानं त्याचा हात हातात घेतला. "तुझा शब्द?"

"बारा माणसं," मल्हार म्हणाला.

धावपट्टी म्हणजे वाळूतली एक दाबलेली वाट होती. दिवस मावळायच्या आत विमान उडायला हवं होतं. ट्रकमधून माणसं उतरली, धुळीनं सगळी एकाच रंगाची, डोक्याला फडकी गुंडाळलेली. मल्हार शिडीपाशी उभा राहिला. प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून त्यानं एकेकाला वर चढवलं, आकडा न उच्चारता. शेवटचा चढला. मल्हारनं डोळे मिटले आणि पुटपुटला, "भरली."

मी वाजले.

विमानाची यंत्रं सुरू होती तरी माझा आवाज त्यांच्या वर ऐकू येत होता. दोन लांब, एक तोकडा. पहारेकऱ्यांनी बंदुका सरसावल्या. मल्हारचा हात बॅगेत आला, आणि खरं सांगते, माझ्या पितळेला कापरं भरलं. तोच तळवा होता. त्यानं माझी कडी धरून मला वर काढलं आणि सगळ्यांसमोर डोक्याच्या वर धरलं. माझ्या रिकाम्या पोटातून आवाज येताना सगळ्यांनी बघितला. एक पहारेकरी मागं सरकला आणि त्यानं देवाचं नाव घेतलं.

"तुमच्यात अश्फाक कोण?" मल्हारनं विमानात ओरडून विचारलं.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग एक जण म्हणाला, "अश्फाकभाई मागं राहिलेत, साहेब. बारा म्हटल्यावर ते कायबी बोलले न्हाईत. आमाला ट्रकात बसवलं आन म्हणाले, दुसऱ्या ट्रकानं येतो."

दुसरा ट्रक नव्हताच. मल्हार प्रमुखाकडं वळला. "एक राहिला. आकडा माझा चुकला."

"तू बारा म्हणालास," प्रमुख शांतपणे म्हणाला. "माझ्या माणसांना मी बाराच सांगितले. आता तेरा सोडले, तर उद्या माझं कोण ऐकेल? एक आणखी बाहेर जाईल, तर एक आत राहील."

मल्हारनं क्षणभरही वेळ घेतला नाही. "आणा त्याला."

जीप गेली आणि तासाभरात आली. सूर्य टेकला होता. अश्फाक उतरला आणि मल्हारनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी थांबले. अश्फाकला काय ठरलंय ते कळलं तेव्हा तो वाळूत बसकण मारून बसला. "म्या न्हाई जाणार, साहेब. माझ्यापायी दुसऱ्याला कसं ठिवू?"

"तुझ्या बापाच्या टायमाला हिच्यावर म्या हात ठिवला होता," मल्हार म्हणाला. इतक्या वर्षांच्या साहेबी बोलीतून गावचं बोलणं आपसूक बाहेर आलं. "ऊठ गड्या. ही माझ्या आयला नेऊन दे. आन हितनं म्होरं माणसं मोजशील तवा आपल्यापासनं मोज."

अश्फाकनं मला छातीशी धरलं. विमानाचं दार लागलं. तेव्हाच मी पुन्हा वाजायला लागले.

दुसऱ्या दिवशी सगळीकडं बातमी झळकली, तेरा जण सुखरूप परत. सरकारी पत्रक निघालं, त्यातही तेरा. राजदूत पुढील चर्चेसाठी तिथंच थांबले आहेत, असं खाली एका ओळीत होतं. पेढे वाटले गेले. सगळ्यांची मोजणी बरोबर आली होती.

अश्फाक मला घेऊन आधी लोणंदला गेला, मग आईला घेऊन माणच्या वस्तीवर आला. वाटेत मी वाजतच होते. जीपवाल्यानं दोनदा गाडी थांबवून चाकं तपासली आणि मग काही न बोलता पुढं चालवली. रंगुबाई दारात उभी होती. ठेका तिनं लांबूनच ओळखला.

"तेरा आली म्हंत्यात," ती म्हणाली. "चौदावा कुटं हाय?"

शबानानं म्हातारीचा हात धरला आणि सगळं सांगितलं. मग त्या दोघींनी मला आढ्याच्या खिळ्याला टांगलं. शबाना म्हणाली होती ना, ती घंटी माझ्यापुढं ठेवू नका? तिनंच माझी दोरी बांधली. मी वाजत होते तोवर ती लोणंदला परत गेली नाही.

मी एक्केचाळीस दिवस वाजले. मेंढरं दाराकडं यायची बंद झाली. कुत्री अंगणात उभी राहून आढ्याकडं बघायची आणि भुंकायची नाहीत. वस्तीवरची माणसं वाट वाकडी करून जायची. एकानं सांगितलं, हिला वितळवा. एकानं सांगितलं, फडकं कोंबा. रंगुबाईनं सगळ्यांना घराबाहेर काढलं. "वाजू द्या," ती म्हणाली. "वाजतीया तवर माझं पोर हाय."

एक्केचाळीसाव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या वेळी, मी थांबले.

ठेका अर्ध्यात तुटला. दोन लांब झाले, तोकडा आलाच नाही. मी खूप प्रयत्न केला, मित्रांनो, पण माझ्या हातात काही नसतं. आणि गप्प झाल्यावर मलाही कळत नाही की तो आत आला की संपला. रंगुबाईचा घास ताटात पडला. ती आढ्याकडं बघत राहिली. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"त्या दिशी बी ही अशीच थांबली असंल," शबाना हळू म्हणाली.

अश्फाक भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हात कानांवर. उन्हं कलली. वेशीवरून मेंढरं घराकडं वळली. आणि तेव्हा शबानाचा फोन वाजला. परदेशातला नंबर होता. कुणी हात लावेना. शेवटी शबानानंच उचलला आणि काही न ऐकता म्हातारीच्या कानाला लावला.

आधी नुसती खरखर आली. मग खूप थकलेला आवाज आला, साठीला आलेल्या माणसाचा, पण सात वर्षांच्या पोराचा प्रश्न विचारणारा.

"आये, किती झाली?"

रंगुबाई उभी राहिली. तिनं आपला हात आधी स्वतःच्या छातीवर ठेवला. मग शबानाच्या पाठीवर ठेवला, मग अश्फाकच्या. जन्मात पहिल्यांदा तिनं मोजणी स्वतःपासून सुरू केली होती. शेवटी तिनं फोनवर तळवा ठेवला, पाठीवर ठेवतात तसा.

"भरली रं," ती म्हणाली. "आता भरली."

मित्रांनो, मी अजून त्याच खिळ्याला आहे. त्या दुपारी बोलणी मिटून मल्हार सुटला आणि आपल्या माणसांत पोचला, म्हणून मी थांबले होते. मग तो घरी आला, नोकरी सोडून मेंढरांत रमला. संध्याकाळी तो आणि म्हातारी वाघरीच्या तोंडाशी उभे असतात. शबाना ईदला येते, जाताना मला पुसून जाते. आता मला वाजावं लागत नाही, आणि मी वाजू नये हेच माझ्या मनात असतं.

तुम्ही पुढं मोठे व्हाल. कुणी वर्गाचे प्रमुख व्हाल, कुणी कारखान्याचे, कुणी देशाचे निरोपे. तेव्हा माझं एवढं ऐका. 'सगळे आले' असं म्हणायच्या आधी जरा थांबा. जो सगळ्यांना वाढत होता, जो दिवा आणायला मागं गेला, जो पुढं चालत होता, त्याच्या पाठीवर हात लागला का, ते बघा. आणि एखाद्या संध्याकाळी वारा नसताना कुठूनतरी घंटेचा आवाज आला, दोन लांब, एक तोकडा, तर भिऊ नका. तिच्यावर हातही ठेवू नका. उठा, आणि दार उघडून बाहेर बघा.